रविवार कोणाचा? किनारा कोणाचा?

उलव्यात सध्या 'रिसॉर्ट' हा शब्द रस्तोरस्ती टांगलेला दिसतो. बिल्डरांच्या होर्डिंगवर रिसॉर्टसारखे घर, रिसॉर्टसारखा जलतरण तलाव, रिसॉर्टसारखे जगणे! या शब्दाचा अर्थ आता एवढाच उरला आहे, की पैसे मोजा, गेटवर नाव नोंदवा आणि आत या. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने गेटबाहेर उभे राहावे, नाहीतर वर्दी चढवून तेच गेट राखावे!

पण हाच शब्द भारतीय संविधानात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कलम १५(२) चा इंग्रजी मजकूर काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या ओळीत शेवटी 'प्लेसेस ऑफ पब्लिक रिसॉर्ट' असे शब्द आहेत. मराठी संविधानात त्यांना 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' म्हटले आहे. राबता म्हणजे लोकांची ये-जा. जिथे लोकांचा राबता आहे, ती जागा सरकारी पैशातून राखलेली किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेली आहे, तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही. संविधानातला रिसॉर्ट हा असा आहे. बिल्डरच्या रिसॉर्टला गेट असते, संविधानाच्या रिसॉर्टला गेट नाही!

रविवारची सकाळ आणि समुद्रकिनारा. चळवळीच्या वर्तमानपत्रात आरक्षण, ॲट्रॉसिटी, मोर्चे सोडून वकिलाने हे चैनीचे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, या दोन्ही गोष्टी आपल्याला फुकट मिळालेल्या नाहीत. रविवार लढून मिळाला आहे आणि पाण्याच्या काठावर उभे राहण्याचा हक्कही लढून मिळाला आहे. जे लढून मिळते ते राखले नाही तर गुपचूप काढून घेतले जाते. उलव्यासारख्या नव्या शहरात आज तेच चालले आहे.

सुट्टीशिवाय समुद्र नाही

समुद्रकाठी सुट्टी घालवण्याची रीत ब्रिटनने रूढ केली असे म्हणतात. पण कोणत्या ब्रिटनने? अठराव्या शतकात ब्रायटनला जाणारे लोक राजघराण्यातले आणि सरदार-जमीनदार होते. डॉक्टरांनी समुद्रस्नान औषध म्हणून सांगावे आणि श्रीमंतांनी ते करावे, असा तो मामला होता. कामगाराला समुद्र दिसला तो रेल्वे आल्यावर. लंडनहून ब्रायटनची रेल्वे १८४१ साली सुरू झाली आणि ब्लॅकपूलला रेल्वे पोहोचली १८४६ साली. परंतु गाडीत बसायला नुसती गाडी असून चालत नाही, सुट्टी लागते. १८७१ च्या बँक हॉलिडेज ॲक्टने काही सोमवार सुट्टीचे ठरवले. लँकेशायरच्या गिरणीगावांत वर्षातून एक आठवडा गिरण्या एकदम बंद राहत आणि अख्खे गाव ब्लॅकपूलला जाई. त्या आठवड्याचा पगार मिळत नसे, म्हणून कामगार वर्षभर पैसे साठवीत. पगारी सुट्टीचा कायदा व्हायला तिथे १९३८ साल उजाडले.

म्हणजे ब्रिटनचा कामगार वाळूवर जाऊन बसला तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. कामाचे तास कमी करून घेतले, सुट्टी मिळवली, मग समुद्र आला.

आता त्याच काळातली मुंबई पाहा. कापूस तोच, सूत तेच, यंत्रेही बहुतेक लँकेशायरचीच. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टीच नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला, पण त्याचे संरक्षण मुलांपुरते होते. या अंधारात महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज मॉलमध्ये रविवार साजरा करणाऱ्या किती जणांना लोखंडे हे नाव माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात तरी ते किती ओळींत येते?

चळवळीचे कॅलेंडर

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घरी जुने कॅलेंडर असेल तर काढून ताडून पाहा.

महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले तो २० मार्च १९२७. त्या दिवशी रविवार होता. त्याच महाडात मनुस्मृती जाळली तो २५ डिसेंबर १९२७. रविवार! नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रहाची परिषद आणि मिरवणूक झाली ती २ मार्च १९३० रोजी. रविवार! येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५. रविवार! आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६. तो दिवस अशोक विजयादशमीचा म्हणून निवडला होता, पण वार पाहाल तर रविवारच!

हा केवळ योगायोग आहे काय? मला तसे वाटत नाही. बाबासाहेबांमागे जी माणसे उभी होती ती जमीनदार नव्हती, सावकार नव्हती. त्यांत गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आणि म्युनिसिपालिटीत राबणारे कामगार मोठ्या संख्येने होते. नोकरी सांभाळून परिषदेला जायचे तर सुट्टीच्या दिवशीच जाणार. १८९० साली लोखंड्यांनी मिळवलेला रविवार १९२७ साली आंबेडकरी चळवळीच्या कामी आला. एका सत्यशोधकाने मजुराला एक दिवस मिळवून दिला आणि त्या एका दिवसात मजुराने इतिहास घडवला. आजही आपल्या विहारातील वंदना, धम्मवर्ग, मंडळाच्या बैठका, लग्न जमवण्याच्या बोलण्या कोणत्या दिवशी होतात? रविवारी. रविवार गेला तर समाजाला एकत्र बसायला दिवसच उरत नाही.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे मंत्री होते. पगारी रजेची तरतूद फॅक्टरी कायद्यात आली ती १९४५ च्या दुरुस्तीने आणि कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने. ब्रिटनच्या पगारी सुट्टीच्या कायद्यानंतर अवघ्या सात वर्षांत पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानच्या कारखाना कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला! पुढे संविधानाच्या कलम ४३ मध्ये निर्वाह वेतनाबरोबर कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, असे तत्त्व राज्यासमोर ठेवले गेले. पोट भरणे हा जसा हक्काचा प्रश्न आहे, तसाच विसावा हाही हक्काचाच प्रश्न आहे.

पाण्याच्या काठावरची जात आणि कातडी

वेळ मिळाला तरी जागा मिळते असे नाही. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पण कागदावर! म्हणून महाड करावे लागले. त्यानंतरही कज्जा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादि काळची रूढी सवर्णांना कोर्टात सिद्ध करता आली नाही.

पाण्याच्या काठावर भेद करणारे लोक जगभर होते. १८७६ साली मुंबईत ब्रीच कँडीला समुद्रालगत पोहण्याचा तलाव उभा राहिला, तो गोऱ्यांसाठी. समुद्र आमचा आणि काठावर मज्जाव आम्हालाच! अमेरिकेत शिकागोला २७ जुलै १९१९ रोजी, रविवारी, मिशिगन सरोवरात एक सतरा वर्षांचा काळा मुलगा तरंगत गोऱ्यांच्या हद्दीत गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडून मेला. त्याचे नाव यूजीन विल्यम्स. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीचा वाळूचा किनारा सरकारी पैशातून बांधला होता, पण काळ्यांना तिथे बंदी होती. डॉ. गिल्बर्ट मेसन या काळ्या डॉक्टरने १९५९ साली त्या पाण्यात पाऊल ठेवले. २४ एप्रिल १९६० रोजी शंभरावर काळी माणसे पुन्हा किनाऱ्यावर गेली तेव्हा जमावाने साखळ्या आणि दांडक्यांनी त्यांना झोडपले. तो दिवसही रविवारच होता! कोर्टाच्या निकालाने तो किनारा सर्वांना खुला व्हायला १९६८ साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेत तर १९५३ च्या कायद्याने समुद्रकिनारेसुद्धा कातडीच्या रंगावरून वाटले होते. तो कायदा १९९० साली रद्द झाला.

बिलॉक्सीच्या वादात किनारा सरकारी पैशाने बांधलेला आहे, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. आपल्या कलम १५(२) मध्ये हाच मुद्दा त्याआधीच लिहून ठेवलेला आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. सार्वजनिक राबत्याच्या जागेत स्मशानभूमी येते का, नद्या-ओढे येतात का, असे प्रश्न सदस्यांनी विचारले. सार्वजनिक पैशातून राखलेल्या दफनभूमीवर प्रत्येकाचा हक्क आहे, असे बाबासाहेबांनी सांगितले. नद्या, ओढे, कालवे यांच्याबाबत त्यांनी अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमाकडे बोट दाखवले. म्हणजे एका कलमातून सुटले तर दुसऱ्या कलमात अडकलेच पाहिजे, असा त्यांचा कायदा होता. पुढे १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यानेही दलित-आदिवासींना सार्वजनिक राबत्याच्या जागी जाण्यापासून अडवणे हा गुन्हा ठरवला.

किनाऱ्याबद्दल आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. १९९६ साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितले, की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, जंगल यांचे सरकार हे विश्वस्त आहे, मालक नव्हे. लाभार्थी आहे ती जनता. आणि तो खटला कशाचा होता? नदीकाठच्या एका खासगी रिसॉर्टचा!

उलव्याचा रविवार

आता आपल्या उलव्याकडे येऊ. सिडकोने हे उपनगर आगरी-कोळी बांधवांच्या जमिनीवर वसवले. याच परिसरातील जासईला १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी रक्त सांडले, तेव्हा कुठे प्रकल्पग्रस्तांच्या पदरात साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पडली. २०१८ साली खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली.

एवढे सगळे झाले. पण उलव्यातल्या साध्या माणसाला रविवारी सकाळी समुद्र पाहायचा असेल तर? पावणेबावीस किलोमीटरच्या अटल सेतूवरून समुद्र झकास दिसतो, पण त्यावर मोटारसायकलला बंदी, रिक्षाला बंदी, पायी जाणाऱ्याला बंदी. समुद्र पाहायचा तर चारचाकी हवी आणि टोल भरायला पैसे हवेत! उलव्याच्या कडेला खाडी आहे, चिखल आहे, खारफुटी आहे. वाळूची चौपाटी नाही. ती खारफुटी तोडून चौपाटी करा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. निवट्या आणि कालवे यांवर पोट भरणाऱ्या कोळी भगिनींचा तो कारखाना आहे, आणि खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असे मुंबई हायकोर्टाने २०१८ साली म्हटलेच आहे.

मग उरणची पीरवाडी उरते. काही महिन्यांपूर्वी विहारातल्या पाच-सहा कुटुंबांसह मी रविवारी सकाळी बामणडोंगरीहून लोकलने उरणला गेलो. पुढे शेअर रिक्षा. पीरवाडीला दर्गा आहे, सुरूची झाडे आहेत, लाटा अडवायला टाकलेले दगड आहेत आणि समोर बंदराच्या वाटेवर थांबलेली जहाजे. दर्ग्यात फुले वाहून आलेले मुसलमान कुटुंब, भेळेच्या गाडीभोवतीची आगरी पोरे, पनवेलकडून आलेल्या बायका आणि आमची मंडळी एकाच वाळूवर बसली होती. कोणी कोणाला आडनाव विचारले नाही. आमच्यातल्या एक आजी, जन्म गेला धुणीभांडी करण्यात, लुगडे गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभ्या राहिल्या त्या अर्धा तास हलल्याच नाहीत. तिकीट नाही, गेट नाही, वर्दी नाही. कलम १५(२) मला कायद्याच्या पुस्तकाबाहेर इतके स्वच्छ क्वचितच दिसले आहे.

परंतु त्या दिवशी आमच्यात एक कुटुंब नव्हते. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारा परभणीकडचा एक बांधव उलव्यातल्या एका टॉवरवर सुरक्षारक्षक आहे. बारा तासांची ड्युटी, महिन्याचे तीसही दिवस. खाडा केला की पगार कापतात, रिलिव्हर आला नाही की डबल ड्युटी. त्याला यायचे होते. आदल्या रात्री त्याचा फोन आला. "जयभीम वकीलसाहेब, नाही जमत. नऊ वर्षं झाली इकडं येऊन, पोरांना समुद्र दाखवतो दाखवतो म्हणतोय, रविवारच सापडंना."

रविवारच सापडेना! हे एकट्याचे गाऱ्हाणे नाही. वॉचमन, घरकाम करणाऱ्या भगिनी, मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवणारी मुले, बांधकामावरचे बिगारी, हाऊसकीपिंगची माणसे. यांत आपल्या समाजाचे लोक किती आहेत, हे विहारात मान वर करून पाहिले तरी समजते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. फॅक्टरी कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नको, हे तत्त्व त्यात राहिले आहे. वेतन संहितेत सात दिवसांत एक दिवस विश्रांती आणि तिचा मोबदला यांची तरतूद सरकारला करता येते. पण डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' हे नाव दिले, हक्काची साप्ताहिक सुट्टी दिली नाही. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कायदा आहे, तो कल्याणकारी मंडळाचा. आणि कायदा असला तरी बजावणी कोण करणार? सुट्टी कागदावर आणि माणूस गेटवर!

यावर काही शहाणे म्हणतात, सुट्टी रविवारीच कशाला हवी, बुधवारी घ्या. ठीक आहे, चोवीस तास चालणाऱ्या कामात पाळी लावावीच लागेल. पण नवऱ्याची सुट्टी बुधवारी, बायकोची सुट्टी कधीच नाही आणि मुलांची शाळा रविवारी बंद, असे झाले तर त्या घराने एकत्र कधी बसायचे? मंडळाची बैठक कधी घ्यायची? एकेकट्याला वेगवेगळा वार वाटून दिला की विश्रांती मिळेल, संघटना होणार नाही. हा धोका ओळखा.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, उलव्यातल्या प्रत्येक विहाराने एक वही घालावी. आपल्या वस्तीत कोणाला आठवड्याची सुट्टी मिळते, कोणाला नाही, सुट्टीचा पगार कापला जातो का, हे नोंदवावे. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कायदा आणि मंडळ आहे. आपला बांधव ज्या एजन्सीकडे आहे तिचा मंडळाशी काय संबंध आहे, हे लेखी विचारावे. तोंडी तक्रारीला कोणी भीक घालत नाही, अर्जावर आवक क्रमांक पडला की खुर्ची हलते.

दुसरी गोष्ट, आपण स्वतः कोणाचे मालक आहोत याचा विचार करावा. आपल्यातलेही अनेक जण आता टॉवरमध्ये राहतात, सोसायटीच्या कमिटीवर आहेत. वॉचमनला महिन्यातले चार रविवार आळीपाळीने सुटतील असा रिलिव्हर ठेवा, असा ठराव तुम्ही मांडला आहे काय? घरकाम करणाऱ्या ताईला आठवड्याची पगारी सुट्टी देता काय? मालकाकडून हक्क मागायचा आणि मोलकरणीला तो नाकारायचा, हे भीमाच्या लेकरांना शोभत नाही.

तिसरी गोष्ट, किनाऱ्यावर आपला राबता ठेवावा. राबता असेल तरच जागा सार्वजनिक राहते. जिथे लोक जात नाहीत तिथे आधी साखळी येते, मग पत्रा येतो, मग बोर्ड येतो. उलव्याच्या कडेने रस्ते आखले जात आहेत, आराखडे होत आहेत. त्यांवर हरकती-सूचना मागवल्या की आपला अर्ज त्यात असला पाहिजे. मागणी साधी ठेवा. खारफुटीला धक्का न लावता खाडीकाठी फुकट चालायची वाट, बसायला बाकडी, पिण्याचे पाणी, बायकांसाठी स्वच्छ मुतारी आणि रविवारी वस्तीतून एक बस.

लोखंड्यांनी रविवार मिळवायला सहा वर्षे झुंज दिली. बाबासाहेबांनी तळ्याचा निकाल मिळवायला दहा वर्षे कोर्ट झिजवले. आपल्याला एक अर्ज लिहायचा आहे आणि तो तडीस न्यायचा आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर वही उघडा. ज्यांना वंदनेला यायला सुट्टी मिळाली नाही, त्यांची नावे सर्वांत आधी लिहा.

जयभीम!